बिघाडाचा पुरावा: जुन्या घरगुती संगणकांची दुरुस्ती आणि सातारा-सांगलीचा कारागीर



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हांला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं जुन्या संगणकांशी काय काम? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर साधं आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात अनुमान शिकवलं. जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही त्याकडे कसं जायचं, परिणामावरून कारण कसं ओळखायचं, आणि ओळखताना कुठे घसरायला होतं, हे फळ्यावर मांडत आलो. पण हेच काम रोज, पोटासाठी, चुकलं तर गिऱ्हाईक जाईल या धाकात करणारा एक माणूस असतो. तो दुरुस्तीच्या दुकानात बसलेला असतो. त्याच्या विद्येकडे इतिहासकारांनी फारसं लक्ष दिलेलं नाही, आणि आम्हां तर्कशास्त्रवाल्यांनीही दिलेलं नाही.

संगणकाचा इतिहास आपण सहसा शोधांचा म्हणून सांगतो. अमुक साली अमुक यंत्र आलं, त्याचा वेग एवढा, किंमत एवढी, मग त्याहून मोठं आलं. यात एक गोष्ट सुटते. प्रत्येक यंत्र कधी ना कधी बंद पडलं, आणि त्या दिवशी कुणीतरी ते उघडून त्याच्या पोटात पाहिलं. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की बिघाड हाही इतिहासाचा पुरावा आहे. यंत्र कसं बिघडतं त्यावरून ते किती पैशांत आणि कोणत्या हवेसाठी बनवलं होतं ते कळतं. ते कसं दुरुस्त झालं त्यावरून दुरुस्त करणारा समाज कळतो. हा पुरावा आज आपल्या डोळ्यांदेखत भंगारात चालला आहे, म्हणून हे व्याख्यान.

आधी मुलूख पाहू

सातारा आणि सांगली असं आपण वेगवेगळं म्हणतो, पण १९४९ पर्यंत यातला मोठा भाग एकाच जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. कृष्णाकाठचा हा पट्टा शेतीचा, पण यंत्रांशी त्याची ओळख जुनी. १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर, पंप, चरक शेतकऱ्याच्या दारात आले. यंत्र दारात आलं की त्यामागोमाग दुरुस्ती येते, कारण हंगाम कारखान्याच्या माणसाची वाट पाहत नाही.

मिरजेचं उदाहरण तर फार बोलकं आहे. तिथली सतार आणि तंबोरा जगात जातो. या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात ज्यांनी केली ते फरीदसाहेब शिकलगार घराण्यातले. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारीचे दिवस संपत आले, तसे हे हात वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर काय करतो? तार छेडतो, ऐकतो, घोडी किंचित घासतो, पुन्हा ऐकतो. दोष कानाने ओळखायचा, हाताने काढायचा आणि पुन्हा कानानेच खात्री करायची. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग आला रेडिओ. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि पेठेपेठेत रेडिओ दुरुस्तीची दुकानं दिसू लागली. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, १९८४ च्या सुमारास लहान शक्तीच्या प्रक्षेपण केंद्रांचं जाळं पसरलं, आणि तोच रेडिओवाला टीव्ही उघडून बसला. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेली मुलं, सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथून बाहेर पडलेले काही हौशी, अशी माणसं या भागात तयार होती. घरगुती संगणक जेव्हा आला, तेव्हा त्याला उघडू शकणारे हात हेच होते.

यंत्रं आली ती कशी

इंग्लंडमध्ये १९८१ च्या अखेरीस एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला आणि एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. दोन्ही यंत्रं कळफलकातच सामावलेली. पडदा म्हणून घरचा टीव्ही, साठवणूक म्हणून घरचाच कॅसेट टेपरेकॉर्डर. म्हणून तर ते घरगुती संगणक.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं संगणक धोरण आलं. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारचा 'क्लास' नावाचा शालेय प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यात देशभरच्या २५० शाळांसाठी बीबीसी मायक्रो निवडला गेला. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती एससीएल युनिकॉर्न या नावाने काढली. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला, आणि १९९० च्या आसपासपर्यंत तो विकला गेला. म्हणजे या यंत्रांचं भारतातलं आयुष्य जेमतेम पाच-सात वर्षांचं. पण त्या काळात ज्या घरात किंवा शाळेत हे यंत्र आलं, तिथे ते पहिलंच असे. ते बंद पडलं तर दुसरं नव्हतं.

पाट आणि चावडी

आता दुरुस्तीकडे वळू. रेडिओवाल्याची पद्धत कशी होती? रेडिओत आवाज एका दिशेने वाहतो. अँटेनाकडून येतो, टप्प्याटप्प्याने मोठा होतो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो. रेडिओ मुका झाला की जाणता कारागीर मागच्या टोकापासून सुरू करी. आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला हळूच बोट लावायचं. स्पीकरमधून 'घूं' असा आवाज आला तर तिथून पुढचं सगळं ठीक आहे, दोष अलीकडे आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. वावरात पाणी आलं नाही तर तो पाटाच्या कडेने वर चालत जातो, जिथे पाणी दिसेल तिथे थांबतो. फूट त्या दोन जागांच्या मध्ये असते.

संगणकाने या पद्धतीला मोठा धक्का दिला. संगणकात पाट नाही, चावडी आहे. प्रोसेसर, स्मृती, रॉम या सगळ्या चिपा एकाच सामायिक तारांवर बोलतात. त्या तारांना 'बस' म्हणतात. चावडीवर एकाने सतत आरडाओरडा केला तर कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सगळी चावडीच बिघडली आहे. एक चिप मेली की अख्खं यंत्र मेल्यासारखं दिसतं. शिवाय इथे गोल फेरा आहे. प्रोसेसर रॉममधून आज्ञा वाचतो, तिच्यावरून स्मृतीत लिहितो, तिथलं पुन्हा वाचतो. कुठून सुरुवात करायची?

या प्रश्नाचं जे उत्तर कारागिरांनी शोधलं, त्यात आम्हांला जुनं तर्कशास्त्र दिसतं.

पहिला नियम: आधी वीज

उत्तराची पहिली पायरी अशी, की फेऱ्यात शिरण्याआधी फेऱ्याच्या बाहेरचं तपासा. म्हणजे वीज. स्पेक्ट्रमचा ॲडॅप्टर नऊ व्होल्टचा, पण त्याच्या पिनेत मधलं टोक ऋण आणि बाहेरचं धन. बाजारात मिळणारे बहुतेक ॲडॅप्टर नेमके उलटे. कुणी कनवाळूपणे 'नऊ व्होल्टचाच आहे की' म्हणून दुसरा ॲडॅप्टर लावला, तर यंत्राला इजा ठरलेली.

आत या नऊ व्होल्टचे तीन दाब होतात. अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. याचं कारण खालच्या १६ के स्मृतीच्या आठ चिपा, ४११६ जातीच्या. त्यांना तिन्ही दाब लागतात. अधिक पाच साध्या ७८०५ रेग्युलेटरमधून मिळतो, बाकीचे दोन एका छोट्या ट्रान्झिस्टरच्या आणि कॉइलच्या जोडणीतून. आता गंमत बघा. ही जोडणी बंद पडली आणि उणे पाच नाहीसा झाला, तर ४११६ चिपा जळतात. उलट एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली, तर तो ट्रान्झिस्टर जळतो. कारण आणि परिणाम दोन्ही बाजूंनी धावतात.

म्हणून नवख्याच्या हातून काय होतं? तो जळलेला ट्रान्झिस्टर बघतो, नवा लावतो, चालू करतो. नवाही जातो. त्याने जे पाहिलं ते खरं होतं, ट्रान्झिस्टर जळलाच होता. पण तो रोग नव्हता, रोगाचं लक्षण होतं. जुना कारागीर वीज देण्याआधी मल्टीमीटर लावून बारा व्होल्टची तार जमिनीला शॉर्ट आहे का, ते पाहतो. शॉर्ट असेल तर ती कुठल्या चिपेमुळे आहे हे आधी शोधतो. आयुर्वेदात निदानाची पाच अंगं सांगितली आहेत. त्यांतलं एक 'संप्राप्ती', म्हणजे रोग शरीरात कोणत्या क्रमाने घडत गेला त्याचा विचार. लक्षण ओळखून भागत नाही, क्रम ओळखावा लागतो. इतिहासालाही हेच लागू आहे, पण त्याकडे आपण शेवटी येऊ.

पडदा काय सांगतो

दुसरी पायरी, यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं ते ऐका. स्पेक्ट्रम सुरू होताना स्वतःची स्मृती तपासतो. प्रत्येक घरात २ हा आकडा लिहितो, मग तो परत वाचून एक-एकने उतरवून शून्य होतो का ते पाहतो. हे सगळं पडद्यावर दिसतं, कारण पडद्याचं चित्र त्याच स्मृतीत साठवलेलं असतं. काळ्या पडद्यावर क्षणभर उभ्या बारीक लाल रेषा उमटतात, मग पडदा पांढरा होतो आणि तळाशी कंपनीचं नाव येतं. ज्याला हे माहीत आहे, त्याला त्या दोन सेकंदांत पुष्कळ काही कळतं. लाल रेषा आल्या म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, रॉम वाचली जात आहे, चित्र काढणारी चिप चालू आहे. चावडीवरचे तीन जण एका झटक्यात निर्दोष सुटले.

रेषांच्या जागी ठरावीक अंतराने काळे-पांढरे पट्टे दिसत राहिले, तर संशय खालच्या स्मृतीवर. इथे एक सुंदर गोष्ट आहे. आठ चिपांपैकी प्रत्येक चिप प्रत्येक आकड्याचा एकेकच बिट सांभाळते. समजा आपण शून्य लिहिला आणि वाचताना ४ आला, तर दोष तिसऱ्या बिटाचा, म्हणजे नेमक्या एकाच चिपेचा. आठ जणांत गुन्हेगार एकच, आणि तो आकड्यातच सही करून गेलेला असतो.

कधी यंत्र अगदी छान सुरू होतं, फक्त मोठा खेळ चढत नाही. तेव्हा एक ओळ टाइप करून पाहायची: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के स्मृती आहे. ३२७६७ आलं तर यंत्राला वरची ३२ के दिसलीच नाही, ते बिचारं स्वतःला १६ के समजून संसार करतं आहे.

आणि ही वरची ३२ के काय होती? ती ६४ किलोबिटच्या अशा चिपांची बनलेली होती, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघाला होता. चांगला अर्धा वापरायचा आणि वाईट अर्ध्याकडे बोर्डावरच्या एका जोडणीने पाठ फिरवायची. असं करून किंमत खाली आणली. आम्ही सुरुवातीला म्हणालो, की बिघाडावरून यंत्र किती पैशांत बनलं ते कळतं, ते हे. स्वस्त घरगुती संगणक सामान्य घरात पोचला, त्यात या अर्ध्या बिघडलेल्या चिपांचाही वाटा आहे.

धूर आणि आग

न्यायशास्त्राचं ठरलेलं उदाहरण तुम्हांला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईला प्राज्ञपाठशाळेची परंपरा आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथले. त्या गावापासून जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात हे उदाहरण नेलं तर काय होतं, पाहा.

बीबीसी मायक्रोच्या स्विच मोड पॉवर सप्लायमध्ये, वीज आत येते तिथे, कागदी थर असलेले फिल्टर कपॅसिटर असतात. वरचं पारदर्शक कवच वर्षांनुवर्षांत तडकतं आणि हवेतला ओलावा आत शिरतो. मग कधीतरी यंत्र चालू केलं, की काही मिनिटांत फट्ट असा आवाज, खोलीभर दाट धूर आणि घाणेरडा वास. पाहणारा म्हणतो, संपलं, यंत्र जळलं. पण पुष्कळदा यंत्र चालूच असतं! कारण तो कपॅसिटर फक्त विजेतला गोंगाट गाळण्यासाठी होता. धूर आहे, पण 'यंत्र मेलं' हे अनुमान खोटं. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील, म्हणजे दिलेलं कारण निष्कर्षाशी एकनिष्ठ नाही. अर्थात म्हणून यंत्र तसंच चालवू नये. तात्काळ बंद करावं, तो कपॅसिटर आजच्या सुरक्षित जातीचा लावावा.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार आहेत, त्यांत एक शेषवत्. भाष्यकार त्याचा एक अर्थ असा करतात, की सगळे पर्याय मांडायचे, एकेक बाद करायचा, आणि जो शेष राहील तो खरा. दुरुस्तीवाला हेच करतो, पण त्याची एक अट आहे. पर्यायांची यादी पुरी असली पाहिजे. यादीतून 'ड्राय सोल्डर', म्हणजे डाख दिसायला धरलेला पण आतून सुटलेला, हा पर्याय राहून गेला, तर सगळ्या चिपा बदलल्या तरी दोष जात नाही.

आणखी एक युक्ती पाहा. संशय असलेल्या स्मृतीच्या चिपेच्या पाठीवर तशीच चांगली चिप पायाला पाय जुळवून दाबून धरायची. दोष गेला, तर खालची चिप मेलेली. काढली की दोष परत आला, तर खात्री. असताना असणं, नसताना नसणं: अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही. वैद्यकात याला उपशय म्हणतात, औषध देऊन रोग ओळखणं. पण मर्यादा आहे. खालची चिप नुसती मुकी झाली असेल तरच ही युक्ती चालते. ती आतून शॉर्ट होऊन आरडाओरडा करत असेल, तर पाठीवरच्या चांगल्या चिपेचं कोण ऐकणार? म्हणजे 'फरक पडला नाही' यावरून 'चिप चांगली आहे' असं म्हणता येत नाही. कितीतरी विद्वान या ठिकाणी घसरतात, चिपांच्या बाबतीत नाही, जगाच्या बाबतीत.

ऐकून ओळखणं

आता मिरजेचा कान आठवा. बीबीसी मायक्रो चालू केला की आधी एक खालचा, लांब 'बूऽऽ' येतो आणि मग छोटा, वरचा 'बीप'. आवाजाची चिप वीज मिळताच आपणहून बोलू लागते. प्रोसेसर जागा झाला की तिला गप्प करतो आणि 'मी आलो' म्हणून बीप देतो. नुसताच 'बूऽऽ' चालू राहिला, तर प्रोसेसर जागाच झालेला नाही. पडदा, टीव्ही काही नको, दाराबाहेरून दोषाची दिशा कळते. अशा वेळी पहिला साधा इलाज म्हणजे बेसमध्ये बसवलेल्या चिपा अंगठ्याने नीट दाबणं. तापण्या-निवण्याने त्या वर सरकतात, पाय गंजतात. यंत्र बंद करून, दाबून, पुन्हा चालू करून कितीतरी यंत्रं जिवंत झाली आहेत.

स्पेक्ट्रमची कॅसेटही कानाने आणि डोळ्याने वाचता येते. सुरुवातीच्या सलग सुराला पडद्याची कड लाल-निळसर पट्ट्यांची, प्रत्यक्ष माहिती येऊ लागली की निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. पट्टे नीट दिसून शेवटी चूक येत असेल, तर दोष संगणकात नसून टेपरेकॉर्डरच्या हेडच्या तिरकेपणात असण्याची शक्यता मोठी. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू, आवाज सगळ्यांत तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत किंचित फिरवायचा. हे काम टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून येत होतं. संगणक नवा होता, ही विद्या जुनी होती.

आपली हवा, आपलं पाणी

ही यंत्रं इंग्लंडच्या हवेसाठी बनवलेली. इथे त्यांना महाबळेश्वर-पाटणच्या अंगाचा दमट पावसाळा मिळाला आणि पूर्वेकडे आटपाडी-जतची धूळ. शेतीपंप एकदम सुरू झाले की खाली जाणारा विजेचा दाब मिळाला. कळफलकाखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या उन्हाळ्यांनी कडक होऊन तडकल्या. 'काही अक्षरं उमटत नाहीत' ही स्पेक्ट्रमची जगभरची तक्रार, पण माळ्यावर पत्र्याखाली राहिलेल्या यंत्राचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

आणि सांगलीला पूर. २००५ चा, २०१९ चा. पुराच्या पाण्यात गेलेल्या यंत्राबद्दल लोक म्हणतात, पाणी लागलं म्हणजे गेलं. तसं नसतं. वीज चालू नसेल तर पाण्याने चिप मरत नाही. मारतो तो गाळ, आणि त्याहून जास्त मारते घाई. गाळ वाळला की चिपांच्या पोटाखाली ओल धरून ठेवतो, तांब्याच्या रेघा हिरव्या पडतात. अशा यंत्राचं झाकण उघडून बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, सावलीत कित्येक दिवस वाळवावा, आणि तोवर कुणी कितीही म्हटलं तरी प्लग लावू नये.

दुरुस्ती का थांबली

मग ही विद्या गेली कुठे? दोन गोष्टी झाल्या. एक, भाग. ४११६ किंवा झेड-८० मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधण्यासारखा होता. पण स्पेक्ट्रमच्या पोटात फेरांटी कंपनीची यूएलए नावाची चिप होती, फक्त त्याच यंत्रासाठी घडवलेली. बाजारात तिला भाऊबंद नव्हता. ती गेली की शेषवत् अनुमान अगदी अचूक करूनही कारागिराचे हात रिकामे. ज्ञान आहे, पण वस्तू नाही, ही परिस्थिती इथे प्रथम ठळकपणे आली. आजच्या मोबाईलमध्ये ती सगळीकडे आहे.

दुसरी गोष्ट, १९९० नंतर पीसी आला आणि त्याबरोबर 'कार्ड बदला' ही पद्धत. चिप शोधायला दोन दिवस लागत असतील आणि कार्ड पाच मिनिटांत बदलत असेल, तर धंद्याचा हिशोब कुणीकडे झुकणार ते उघड आहे. यात कारागिराचा दोष नाही. पण 'का बिघडलं' हा प्रश्न विचारण्याची गरज संपली. 'कुठलं बदलायचं' एवढाच प्रश्न उरला. आमच्या मते हे नुकसान पैशाचं नाही, बुद्धीचं आहे.

उलट दिशेचाही एक दाखला आहे. ख्रिस स्मिथ या इंग्रज अभियंत्याने यूएलए चिप उघडून, तिचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो वाचून, तिच्या आतली रचना उलगडली आणि २०१० साली त्यावर पुस्तक काढलं. आज तिची जागा घेणारे छोटे बोर्ड हौशी लोक तयार करतात. म्हणजे बंद झालेली वाट कुणीतरी चिकाटीने पुन्हा उघडली. शिलालेख वाचणाऱ्याचं काम यापेक्षा वेगळं नसतं.

आपल्याला काय करता येईल

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच महत्त्वाचा. आपल्या भागातल्या या यंत्रांचा इतिहास कुठे लिहिलेला सापडेल? दोन ठिकाणी. एक, शाळा-महाविद्यालयांची जडवस्तू संग्रह नोंदवही, ज्याला सगळे डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. यंत्र कधी आलं, काय किमतीला आलं, कधी नादुरुस्त ठरलं, निर्लेखन कधी झालं, हे त्यात लिहिलेलं असतं. यंत्राची जन्मकुंडली आणि मृत्यूचा दाखला एकाच ओळीत! पण 'नादुरुस्त' या एका शब्दामागे काय होतं, ते तिथे नसतं.

ते दुसऱ्या ठिकाणी असतं: बोर्डावरच. कुठली चिप बदललेली आहे, डाख कारखान्याचा की हाताचा, तुटलेली रेघ जोडायला कुठली तार वापरली आहे. रेडिओच्या गुंडाळीतली तांब्याची तार संगणकाच्या बोर्डावर दिसली, की एका माणसाची पूर्ण कारकीर्द समोर उभी राहते. म्हणून आजच्या तरुण हौशी मंडळींना आमची विनंती आहे, की दुरुस्त करताना आधीची दुरुस्ती पुसू नका. आधी फोटो काढा. जुनी चिप मेलेलीच असेल तर तिचे पाय कटरने कापून ती काढा आणि पाय एकेक करून सोडवा, म्हणजे बोर्डाच्या रेघा वाचतील. तिथे आयसी बेस लावा, म्हणजे पुढच्याला पुन्हा डाख तापवावा लागणार नाही. काढलेला भाग पाकिटात घालून यंत्राबरोबरच ठेवा, आणि कागदावर चार ओळी लिहा: काय दिसलं, काय संशय घेतला, काय बदललं, काय झालं.

ज्यांच्या माळ्यावर असं यंत्र आहे त्यांना एकच सांगणं. उत्साहाने लगेच प्लग लावू नका. तीस-पस्तीस वर्षं झोपलेल्याला एकदम उठवू नये. आधी पॉवर सप्लाय वेगळा काढून, त्यावर साधा भार लावून, दाब बरोबर येतात का ते जाणत्याकडून मोजून घ्या.

आणि जाणता कोण? तुमच्या पेठेत अजून एखादं जुनं रेडिओ-टीव्हीचं दुकान असेल. पाटीवरची अक्षरं पुसट झाली असतील, आत सत्तरीतले एक काका बसलेले असतील. त्यांच्याकडे यंत्र घेऊन जा, आणि ते काम करत असताना शेजारी बसा. 'हे तुम्हांला कसं कळलं?' एवढाच प्रश्न विचारा. पहिल्यांदा ते म्हणतील, 'अनुभव हो, दुसरं काय.' तिथे थांबू नका. पुन्हा विचारा. अनुभव या शब्दाखाली पन्नास वर्षांची अनुमानं दबलेली असतात, आणि ती कुठल्याही ग्रंथात नाहीत. सर्किट डायग्राम आज कुणालाही मिळतो. दोष समोर असताना आधी कुठे बोट ठेवायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

आपल्या मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाचं मूळ ओळखणं, आणि दुसरा 'कमीत कमी'. सगळी यंत्रं वाचवणं आपल्या हातात नाही. निदान त्यांचं निदान कसं केलं जायचं, हे तरी लिहून ठेवू या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणी आपलं बंद पडलेलं यंत्र बरोबर आणलं असेल, तर तेही टेबलावर ठेवा. फक्त प्लग लावू नका.